पहिला दोन हातांचा फ्लाय रॉड: आधी लाइन, मग रॉड, शेवटी रील

तापीच्या पात्रात उतरा आणि मागे वळून बघा. दोन-तीन पुरुष उंच दरड, दरडीवर बाभळी, बाभळींमधून गेलेली शेतातल्या मोटारीची केबल. एका हाताच्या फ्लाय रॉडने (पिसा-धाग्यांचं हलकं नकली भक्ष्य, म्हणजे फ्लाय, जड लाइनच्या वजनाने फेकायच्या गळकाठीने) डोक्यावरून फेक करायची, तर लाइन जेवढी पुढे जायला हवी जवळपास तेवढीच आधी मागे जावी लागते. पन्नास फूट पुढे हवे असतील तर मागेही तेवढी मोकळी जागा हवी, आणि खानदेशात नदीकाठी ती सहसा नसते. दोन हातांच्या रॉडने लाइन मागे फेकायचीच नसते. पाण्यावरून उचलून ती आपल्या शेजारी पाण्यावर ठेवायची, रॉडमागे तिचा झोळ पाडायचा आणि तिथूनच पुढे सोडायची. या झोळाला डी-लूप म्हणतात आणि पाण्याला चिकटून राहिलेल्या लाइनच्या टोकाला अँकर. मागे दहा-पंधरा फूट मिळाले तरी काम भागतं.

मात्र हा रॉड सगळीकडे लागत नाही. सातपुड्यातले नाले, उन्हाळ्यातली गिरणेची डबकी, शेततळी अशा ठिकाणी एका हाताचा ६ वेटचा (वेट म्हणजे लाइनच्या वजनाचा क्रमांक) रॉड उत्तम, तिथे दोन हातांचा रॉड नुसती अडचण करतो. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा या बॅरेजेसच्या खालचं पात्र, हतनूरचा फुगवटा, धडगाव तालुक्यातला नर्मदेचा काठ असं रुंद पाणी डोळ्यांसमोर असेल तरच पुढचं वाचा. मासा कोणता? मरळ, शिवडा, आणि जिथे टिकून असेल तिथे महसीर.

दुकानदार आधी रॉड दाखवतो, मग रील, आणि लाइन शेवटी उरलेल्या पैशांत. तुम्ही उलटं चला. रॉड वाकतो तो लाइनच्या वजनाने. त्यामुळे कोणती लाइन टाकायची हे आधी ठरलं की रॉडचे नव्वद टक्के पर्याय आपोआप गळतात.

आकड्याचा घोटाळा

रॉडवर ‘७ वेट’ लिहिलेलं असतं. एका हाताच्या ७ वेट लाइनच्या पहिल्या तीस फुटांचं प्रमाणित वजन १८५ ग्रेन. दोन हातांच्या ७ वेट रॉडला मात्र साधारण ४५० ते ५५० ग्रेनचं हेड (लाइनचा पुढचा जाड, जड भाग) लागतं, म्हणजे अडीच-तीन पट. (एक ग्रॅम म्हणजे १५.४ ग्रेन, ५०० ग्रेन म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम.) घरात पडलेली एका हाताची ७ वेट लाइन या रॉडवर चढवली तर रॉड वाकतच नाही, लाइन पायाशी गोळा होते आणि नवशिक्याला वाटतं आपलाच हात वाईट आहे. म्हणून वेट किती हे विचारू नका, ग्रेन किती हे विचारा. चांगल्या रॉडच्या मुठीच्या वर किंवा बनवणाऱ्याच्या तक्त्यात ‘४५०–५५०’ असा पल्ला दिलेला असतो. तो पल्ला न सांगणारा रॉड पहिल्या खरेदीत घेऊच नये.

लाइन

दोन हातांच्या लाइनचे भाग मागून पुढे असे: रिलाच्या पोटाशी बॅकिंग (भरतीचा दोरा), त्यापुढे बारीक रनिंग लाइन, मग जाडजूड हेड, मग टिप (बुडणारा तुकडा), लीडर (फ्लाय बांधायचा दोरा) आणि फ्लाय. फेकीत वजन असतं ते हेडचं, रनिंग लाइन फक्त त्याच्यामागे ओढली जाते.

हेडचे तीन प्रकार लक्षात ठेवा. स्कॅजिट आखूड आणि जड, २० ते २५ फूट. स्कँडी लांबट आणि पुढे निमुळतं, ३० ते ४० फूट. लाँग बेली ५५ फुटांच्या पुढे. नावं जिथून आली तिथल्या नद्यांची गरज त्यात दिसते: स्कॅजिट ही अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातली नदी, तिथे हिवाळ्यात खोल पाण्यात जड फ्लाय बुडवायची असते. स्कँडिनेव्हियात उन्हाळ्यात हलक्या फ्लायने वरच्या पाण्यात खेळतात. स्कॉटलंडमधल्या स्पे नदीवर लांब हेड, लांब रॉड; दोन हातांच्या फेकीला ‘स्पे’ म्हणतात ते याच नदीवरून.

आपल्याला पहिलं हेड स्कॅजिटच. मागे जागा कमी, पाणी पावसाळ्यानंतर महिना-दीड महिना गढूळ, आणि मरळ-शिवड्यासाठी चार-पाच इंची, पाणी पिऊन जड होणारी फ्लाय. स्कॅजिट हे सगळं ओढून नेतं, शिवाय हात थोडा चुकला तरी सांभाळून घेतं. स्कँडी सुंदर पडते, पण लय चुकली की लगेच चुगली करते. ती दुसऱ्या वर्षी घ्या.

वजन निवडताना स्कॅजिट पल्ल्याच्या वरच्या अर्ध्यात घ्या, स्कँडी त्याहून ३० ते ६० ग्रेन हलकी. ४५०–५५० च्या रॉडवर ५२५ ग्रेनचं स्कॅजिट बसतं, स्कँडी ४७० च्या आसपास. टिपचं वजन यात धरत नाहीत, ते वेगळं. टी-८ म्हणजे फुटाला ८ ग्रेन, टी-११ म्हणजे ११. दहा फुटी टी-११ टिप म्हणजे ११० ग्रेन.

हेडची लांबी रॉडच्या दीडपट ते जरा कमी दुप्पट. १२ फुटी रॉडला २० ते २३ फुटांचं हेड, त्यावर १० फुटी टिप, एकूण ३० ते ३३ फूट. यापेक्षा लांब गेलात तर लाइन पाण्यातून सुटतच नाही. फार आखूड झालं की अँकर पाणी सोडून उडतो आणि फ्लाय चाबकासारखी कानाजवळून जाते.

आता खानदेशातला खास त्रास: ऊन. दोन हातांच्या बहुतेक लाइन सामन आणि स्टीलहेड या परदेशी माशांच्या थंडगार नद्यांसाठी बनतात. त्यांचं आवरण आणि आतला गाभा गारठ्यातही मऊ राहावा असा असतो. भुसावळ-जळगावच्या चाळीस-पंचेचाळीस अंशांत तीच लाइन शिजलेल्या शेवयांसारखी लुळी होते आणि रॉडच्या कड्यांना चिकटते. पण यात एक बारकी गोष्ट आहे. फेकीच्या वेळी हेड कड्यांच्या बाहेर असतं. कड्यांतून सरसर जावी लागते ती रनिंग लाइन. म्हणून हेड थंड पाण्याचं असलं तरी चालवून घेता येतं, रनिंग लाइन मात्र उष्ण हवामानासाठीच बनवलेली घ्या. तरंगणारी, आवरण असलेली, ०.०३० ते ०.०३५ इंच जाडीची, १०० फूट. चाळीस पौंडी मोनो (आवरण नसलेला एकेरी नायलॉनचा दोरा) त्याहून लांब जाते आणि उन्हात चिकटत नाही, पण घामट बोटांतून निसटते आणि वाऱ्यात तिचा गुंता झाला की सकाळ त्यातच जाते. पहिलं वर्ष आवरणवाली, मग वाटलं तर मोनो.

टिप दोनच घ्या: एक दहा फुटी इंटरमीडिएट, हळू बुडणारी, धरणाच्या कडेला आणि संथ डोहात, दुसरी दहा फुटी टी-८, बॅरेजखालच्या वाहत्या पाण्यात. टी-१४ चा मोह टाळा. तापीच्या तळाशी वाळू कमी आणि झाडांचे बुंधे, जाळ्यांचे तुकडे, जुने पाइप जास्त. खोल गेलेली टिप परत येईलच असं नाही.

रॉड

लाइन ठरली की रॉड सोपा. साडेअकरा ते साडेबारा फूट, ७ वेट, चार तुकड्यांचा. यापेक्षा आखूड, साडेदहा-अकरा फुटी ‘स्विच’ रॉड दुकानात आकर्षक वाटतात कारण ते एका हातानेही चालतील असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात एका हाताला ते जड, आणि दोन हातांनी शिकताना आखूड रॉड चूक माफ करत नाही. तेरा-चौदा फुटी रॉड मोठ्या नदीत राजा, पण बाभळीच्या फांदीखाली तो उभाही राहत नाही.

काठ उंच असला की लांबी जास्त हवी, असं सगळेच म्हणतात. ते अर्धंच खरं. पाण्यापासून सहा-सात फूट वर उभं राहिलात तर रॉडच्या टोकापासून पाण्यापर्यंतच बरीच लाइन खर्च होते आणि अँकरला काही उरत नाही. बारा फुटीचा चौदा फुटी केल्याने हे सुटत नाही. खाली उतरायची वाट शोधल्याने सुटतं. गुरं पाण्यावर उतरतात ती पायवाट बघा.

वाकण्याची पद्धत मध्यम, मुठीपर्यंत जाणवणारी घ्या. फक्त शेंड्याशी वाकणारा कडक रॉड स्कँडीला आणि सरावलेल्या हाताला ठीक. दुकानात नुसता हलवून हे कळत नाही. हेड लावून, पाण्यावर किंवा निदान शेंडा कोणाच्या हातात देऊन वाकवून बघा.

जळगाव-धुळ्याच्या दुकानांत गळ, दोरे, स्पिनिंगचे रॉड मिळतात. हा माल मागवावाच लागतो. सीमाशुल्क आणि कुरिअर धरून अखेरची किंमत आधी विचारा, नाहीतर स्वस्त म्हणून घेतलेला रॉड दारात येईपर्यंत महाग पडतो. रॉड, रील, लाइन असा जुळवलेला संच मिळत असेल आणि त्यात हेडचे ग्रेन स्पष्ट लिहिले असतील तर बिनधास्त घ्या. ‘स्पे लाइनसह’ एवढंच लिहिलं असेल तर सोडून द्या. बारा फुटी चार तुकड्यांचा रॉड नळीत साधारण सव्वातीन फुटांचा होतो, एसटीच्या वरच्या रॅकवर मावतो.

पार्सल आलं की त्याच दिवशी तपासा. प्रत्येक कड्यातून कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर तिथे चीर आहे आणि ती लाइन कापणार. तुकडे जोडून शेंड्याकडून एका डोळ्याने बघा, कडी एका रेषेत यायला हवीत. सांधा घट्ट बसल्यावर आतला भाग तळाला टेकू नये, तोंडाशी दोन-चार मिलिमीटर फट उरावी; फट नसेल तर सांधा झिजलेला आहे, जुन्या रॉडमध्ये हे हमखास सापडतं. रिलाचा पाय खाचेत नीट बसतो का तेही लगेच बघा.

रील

इथे पैसे वाचवायला हरकत नाही, पण तीन गोष्टींवर नाही.

पहिली जागा. स्पे हेड जाड असतं. ७ वेटच्या दोन हाती रॉडला एका हाताच्या मापातलं ९/१० किंवा १० नंबरचं रील लागतं. त्यात ३० पौंडी डॅक्रॉन बॅकिंग १०० यार्ड, १०० फूट रनिंग लाइन आणि हेड बसून वर पाच-सहा मिलिमीटर जागा उरली पाहिजे.

दुसरी वजन. एवढ्या लांब रॉडला अगदी हलकं रील घेतलं तर शेंडा खाली ओढतो आणि तासाभरात वरचा हात भरून येतो. २३० ते २८० ग्रॅम ठीक. परीक्षा अशी: रील लावा, हेड कड्यांतून बाहेर काढून लोंबू द्या, आणि वरचा हात जिथे धरता तिथे एका बोटावर रॉड तोला. शेंडा झुकला तर रील हलकं. थोडाच फरक असेल तर बॅकिंग वाढवा.

तिसरी चौकट. रिलाची चौकट पूर्ण बंद असावी. अर्ध्या चौकटीच्या रिलात बारीक रनिंग लाइन स्पूल आणि चौकटीच्या फटीत शिरते, आणि हे नेमकं मासा पळत असताना होतं. ड्रॅग, म्हणजे पळत्या माशाला आवरणारा रिलाचा ब्रेक, शक्यतो बंदिस्त घ्या. काळ्या मातीचा गाळ पिठासारखा बारीक असतो. उघड्या यंत्रणेचं रील एकदा काठावर पडलं की उघडून धुतल्याशिवाय चालत नाही.

जोडणी

बॅकिंग स्पूलला आर्बर गाठीने बांधा आणि ओलं फडकं बोटांत धरून ताणून गुंडाळा. सैल गुंडाळलं तर मासा ओढताना वरचा वेढा खालच्यात रुततो. बॅकिंगच्या टोकाला दुहेरी सर्जन गाठीचा एवढा मोठा फास करा की रनिंग लाइनचा अख्खा स्पूल त्यातून पार होईल. मग लाइन बदलताना गाठ कापावी लागत नाही. पुढे रनिंग लाइन ते हेड, हेड ते टिप हे सगळं फासात फास. दोन्ही फास एकमेकांत सारखे अडकले पाहिजेत. एकच फास दुसऱ्याच्या गळ्याभोवती आवळला गेला तर तिथे कोन पडतो, फेकीत ‘टक’ असा झटका बसतो आणि आवरण चिरतं.

हेडची जाड बाजू मागे, रनिंग लाइनकडे. खोक्यावर कोणतं टोक पुढचं ते लिहिलेलं असतं, तरी उलटं जोडणारे पुष्कळ.

टिपपुढे लीडर आखूडच, तीन ते चार फूट, सरळ १५ पौंडी. लांब ठेवला तर टिप बुडते आणि फ्लाय वर तरंगत राहते. मरळ आणि शिवडा दोघांनाही दात आहेत, म्हणून फ्लायच्या आधी वीतभर ३० पौंडी जाड तुकडा. गळाची उलटी काटी पक्कडने दाबून टाका. उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात प्राणवायू कमी असतो. महसीर लागला तर पाण्याबाहेर न काढता सोडा.

शेवटी तुकड्यांचे सांधे इलेक्ट्रिशियनच्या काळ्या टेपने गुंडाळा. दोन हातांच्या फेकीत रॉडला पीळ बसतो, सांधा हळूहळू फिरून सैल होतो आणि तिथेच फुटतो. संध्याकाळी टेप काढा, नाहीतर उन्हात तिचा डिंक चिकटून बसतो.

पाण्यावर जाण्याआधी

रॉड कार्बनचा आहे, त्यातून वीज जाते. तापी-गिरणेच्या काठाने शेतीपंपांच्या तारा बऱ्याच ठिकाणी खाली झोळलेल्या असतात, आणि बारा फुटी रॉड उभा धरला की तुमची उंची अठरा फूट होते. तारेपासून निदान ३० मीटर दूर, आणि तारेखालून जाताना रॉड सोडवून हातात. वळवाचे ढग दिसले की रॉड खाली ठेवून बाजूला व्हा.

पात्रात काठी टेकवत उतरा. वाळूउपशाचे खड्डे पाण्याखाली दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यातून एका पावलात डोक्याइतकं लागतं. हतनूरला ४१ दरवाजे आहेत, विसर्ग सुटला की खालचं पाणी झपाट्याने चढतं. भोंगा ऐकला की सामान आवरत बसू नका. धरणांवर मच्छीमार सहकारी संस्थांचे ठेके असतात, आधी विचारा, भोई मंडळींच्या जाळ्यांपासून लांब राहा. अनेर धरण आणि यावलच्या अभयारण्यांत गळ टाकायचा नाही, देवस्थानांच्या घाटांवरही नाही.

सराव गवतावर होत नाही, कारण गवत लाइनला धरून ठेवत नाही. पाणी हवंच, पण प्लास्टिक अंथरलेलं शेततळं नको; त्याच्या उतारावरून घसरलेला माणूस परत वर येत नाही. हळू वाहणारं, गुडघाभर पाणी उत्तम. गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा, डोळ्यांवर चष्मा. आधी नुसती रोल कास्ट (डी-लूप पाडून सरळ पुढे सोडायची साधी फेक), लाइन सरळ होईपर्यंत. मग दोन फेकी शिका: स्नॅप-टी (अँकर प्रवाहाच्या वरच्या बाजूला) आणि डबल स्पे (अँकर खालच्या बाजूला). दोन पुरतात, आणि त्यांचं कारण वारा.

नियम एकच: वारा ज्या बाजूला जातो त्या बाजूला अँकर. उलट केलंत तर वारा गळासकट लाइन तुमच्या अंगावर आणतो. तापी पश्चिमेला वाहते. उन्हाळ्यात वारा बहुधा पश्चिमेकडून, म्हणजे प्रवाहाविरुद्ध, तेव्हा स्नॅप-टी. थंडीत तो पूर्वेकडून, प्रवाहाच्या दिशेने. तेव्हा डबल स्पे. उजवा हात वर धरणाऱ्याला म्हणून उन्हाळ्यात अमळनेरच्या बाजूचा काठ सोयीचा आणि थंडीत चोपडा-शिरपूरच्या बाजूचा. नदी वळण घेते तिथे हे बदलतं, चिमूटभर माती उडवून बघा.

बिघडतं ते कुठे

लाइन पुढे जाऊन ढिगासारखी पडते: वरचा हात ढकलतोय. ताकद खालच्या हाताने पोटाकडे ओढून लावायची; वरचा हात फक्त टेकू. नवशिक्यांच्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतात.

अँकर सुटून लाइन मागच्या झाडात जाते: घाई, किंवा हेड हलकं. आधी हात संथ करा. तरी सुटलं तर २५-३० ग्रेन जड हेड उसनं मागून बघा.

लाइन पाण्यातून निघत नाही, रॉड कण्हतो: टिप खोल बुडाल्यावर थेट फेकायला गेलात. आधी रोल कास्ट करून टिप वर आणा. स्थिर पाण्यात हे प्रत्येक वेळी करावं लागतं, कारण तिथे लाइन सरळ करायला प्रवाह नसतो.

हेड आणि टिपच्या सांध्याशी लाइन मोडल्यासारखी वळते: टिप हेडच्या मानाने जड. टी-८ वर या.

रनिंग लाइन कड्यांत अडखळते: मळ. साध्या साबणाच्या कोमट पाण्यात ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. तरी अडखळली तर दुपार झाली आहे, सावलीत बसा. गाडीच्या डिकीत रॉडची नळी ठेवू नका. तिथल्या उष्णतेने शेंड्याच्या कड्याचा गोंद मऊ पडतो आणि कडं फिरतं. सांध्यांना महिन्यातून एकदा मेणबत्तीचं मेण घासा, पुसून पातळ थर ठेवा.